मागच्या बाकावरचे खांबेटे सर

माझ्या वर्गातला सर्वांत द्वाड विद्यार्थी पन्नाशी उलटलेला होता. मागच्या बाकावर धोतर सावरत बसायचा, शिकवणं जरा रंगात आलं की बोट वर करून पाणी प्यायला जाऊ का विचारायचा, आणि नाही म्हटलं तर शेजारच्या पोराची पाटी लपवायचा. हे आमचे मुख्याध्यापक, खांबेटे सर.

शाळा कसली, एस्प्लनेडच्या मागच्या गल्लीत भाड्याच्या दोन खोल्या. कलकत्त्यातल्या मराठी मुलांना चार अक्षरं मराठी यावीत म्हणून आपल्या मंडळींनी चालवलेली. आमचे हे तार खात्यात. बदली होऊन आलो आणि मॅट्रिक झालेली बाई सापडली म्हणून लोकांनी मला धरूनच नेलं. मी म्हटलं, मला शिकवता येत नाही. सर म्हणाले, बरंच झालं, मोडायला जुन्या खोडी नाहीत.

सरांचा जन्म इथलाच. मराठी शुद्ध, पण मधेच एक बंगाली हेल काढून "आच्छा, मग?" म्हणायचे. हा प्रश्न आला की समजावं, आपलं कुठेतरी चुकलं.

मुलं नव्या बाईला घाबरून गप्प बसतात आणि बाईंना वाटतं सगळ्यांना समजलं, असं त्यांचं म्हणणं. म्हणून ते स्वतः मठ्ठ व्हायचे. अपूर्णांक शिकवायला मी हौसेने एक मोठा संदेश, ती बंगाली मिठाई, नेला, सुरीने चार भाग केले. सरांनी त्यातला एक उचलून सरळ तोंडात टाकला. "आच्छा, मग? आता किती?" अशी चिडले मी म्हणता! पण पोरं खदखदून हसली आणि पहिल्यांदाच सगळ्या वर्गाची बोटं वर झाली.

तास संपला की मात्र सर शहाण्यासारखं बोलायचे. प्रश्न विचारता आणि उत्तरही तुम्हीच देऊन टाकता, जरा थांबत चला, म्हणायचे. ते थांबणं म्हणजे जिवावरचं काम. तरी थांबायला लागले, आणि घरातसुद्धा बंगालीच बोलणारी जोशांची कुमुद एक दिवस आपणहून मराठीत बोलली. त्या दिवशी ट्राममध्ये मी एकटीच हसत होते. लोक बघत होते, बघोत बापडे.

पण अशी तयार केलेली बाई सरांना लाभायची नाही. आम्ही बहुतेक अधिकाऱ्यांच्या बायका. नवऱ्याची बदली झाली की चंबूगबाळं आवरून चालत्या. मुलांचंही तेच. सर डमडमला एकटे राहायचे, पुन्हा नवी बाई शोधायचे आणि तिच्या वर्गात मागे जाऊन बसायचे. माझ्यावर त्यांची भारी भिस्त, कारण ह्यांनी इथेच राहण्यासाठी अर्ज केला होता. तो नामंजूर झाला. आता नागपूर.

सरांना सांगायला जीभ रेटेना. सांगितलं तेव्हा ते बराच वेळ फळा पुसत राहिले. फळा कोराच होता. मग म्हणाले, आता तुम्हाला नजर आलीय, उद्या मी शिकवतो, तुम्ही बसा आणि माझ्या चुका काढा. मला कुणी कधी सांगितल्याच नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्यांनी नद्या शिकवल्या. काय शिकवलं त्या माणसाने! गोदावरी वर्गातून वाहत गेली. तरी एक गोष्ट मला खुपली, आणि नको नको म्हणताना त्यांनी ती वदवून घेतलीच.

"सर, तुम्ही एकाही मुलाला नावाने हाक मारत नाही. ए खिडकी, ए लाल रिबन. मुलांना वाटतं, सरांना आपण ठाऊकच नाही."

सरांनी हातातला खडू फळ्याच्या कडेला ठेवला.

"नाव घेतलं की माया लागते हो, बाई. आणि मग ती जातात."

मला भडभडून आलं. मी तशीच घरी आले.

शनिवार माझा शेवटचा. रात्री हावड्याहून गाडी, ट्रंका घरी बांधून तयार. सर माझ्या वर्गात आले आणि म्हणाले, आज हजेरी मी घेतो. हातात कागद नव्हता. एकेका मुलाला नाव, वडिलांचं नाव, आडनाव, अशी हाक मारत गेले. कुठेही अडखळले नाहीत. मुलं "हजर" म्हणताना ताठ होत होती, कुमुद तर बाकावरच चढली. सगळी झाल्यावर सर दाराशी उभ्या असलेल्या माझ्याकडे वळले.

"सुमती वामन दातार."

मी पदराने डोळे पुसले आणि म्हटलं, "हजर."