तंतुकणिका किल्ल्यात रायाजीराव शिरले त्याची हकीकत

श्री. दाही दिशांच्या धन्यास दंडवत घालोन, शके १९४६ क्रोधी नाम संवत्सरे, मार्गशीर्ष शुद्ध सप्तमीपासोन वद्य प्रतिपदेपावेतो जे वर्तमान घडले, ते जैसे पाहिले तैसे लिहितो ऐसीजे. राज्याचे नाव लिहिण्याची आज्ञा नाही. टाचणीच्या माथ्यावर ऐशी शंभर राज्ये मांडोन वर जागा उरावी इतके ते लहान, परंतु दरबार, पेठ, रस्ते, मानपान, भांडणे, कशाचीही वाण नाही. जाणते लोक त्या जातीच्या राज्यास पेशी म्हणतात, इतके पुरे. त्या राज्यात तंतुकणिका नामे बळकट किल्ला होता. तटाच्या आत दुसरा तट, मध्ये अरुंद खंदक, आणि आतल्या तटाच्या पोटात भट्टी, जिच्या बळावर अवघ्या राज्याचा गाडा चाले. भट्टीवर माणूस लागे हजारावर, आणि किल्ल्यात उपजणारे मोजोन तेरा. बाकीचे येतात कोठोन आणि शिरतात कैसे, हे कोणास ठाऊक नव्हते, कारण दरवाजा पाहावा तो सुपारी कशीबशी जाईल एवढा, आणि शिरणारा पापणी लवते न लवते तो आत गेलेला.

यावरोन दरबारी दोन पक्ष पडले. राजपंडित गंगाधरशास्त्री, मोठे विद्वान आणि आवाजाने त्याहोन मोठे, ते म्हणत की भट्टीचा माणूस किल्ल्याच्या उंबऱ्यावरच उपजतो, डोके आधी निघोन आत जाते आणि पाय मागाहोन होतात. दुसऱ्या पक्षात एकट्या चिमाबाई शोधनीस होत्या. अकरा वर्षे किल्ल्याच्या दारासमोर बसोन त्यांनी टिपणे केली, आणि त्या म्हणत की माणूस खाली पेठेत पुरता उपजतो आणि मग चालोन येतो. वाद ऐकोन ऐकोन महाराजांचे डोके उठले, आणि मग त्यांनी हुकूम केला की पौर्णिमेस पेठेतला पुरता उपजलेला माणूस सर्वांदेखत किल्ल्यात शिरोन दाखवावा, न शिरल्यास शास्त्रीबोवांचे खरे धरोन पेठेतली सर्व बाळंतघरे मोडोन उंबऱ्यावर न्यावी आणि बाईंची शोधनिशी खालसा करावी. चिमाबाईंस शोधनिशीपेक्षा पेठेचे दुःख अधिक वाटले. तेथील सुइणींनी अकरा वर्षे त्यांस जेवू घातले होते.

आता या लोकांची जात सांगणे अगत्य. हे प्रथिनकुळीचे लोक. उपजतात ते सुतासारखे लांब, आणि मग आपली आपण घडी घालोन रूप धरितात, आणि रूप एकदा धरिले की त्याचा डौल काय विचारावा. चिमाबाईंनी इतके ताडले होते की किल्ल्यात जाणाऱ्याच्या डोक्यास एक ठरावीक मुंडासे असते, दरवानास तोच परवाना, आणि आत जावयाचे तर घडी मोडोन पुन्हा सूत व्हावे लागते. सोबतीस सांगाती असतात, ते वाटेत घडी बसू देत नाहीत. बाईंनी माणूस निवडला तो रायाजी नाईक. पेठेत उपजोन आठ दिवस झालेले, रुंद खांदे, ज्याच्या त्याच्या घरी जेवोन आलेले, तेव्हा हे उंबऱ्यावर उपजले म्हणावयास कोणाची जीभ रेटली नसती. परंतु रायाजीराव अडोन बसले. जीव मागितला तर देईन म्हणाले, चारचौघांत घडी मोडणार नाही. मग बाई तीन दिवस त्यांच्या ओसरीवर बसल्या, आणि शेवटी म्हणाल्या, "रायाजीराव, घडी मोडली म्हणजे माणूस मोडत नाही. आत गेलात की ती पुन्हा बसते, ही माझी जबान."

"बाई, आपण कधी आत गेला आहात काय?"

"नाही."

रायाजीराव म्हणाले, "गेले आहे म्हणाला असता तर आलो नसतो. आता येतो."

मग पौर्णिमेस किल्ल्यासमोर दरबार भरला. महाराज बहुत खुशीत होते. त्या राज्याची चाल ऐशी की राजकार्यास निघणाऱ्याच्या कमरेस महाराजांनी स्वहस्ते शेला बांधावा, आणि कार्य झाल्याविना तो सुटू नये, सुटल्यास तो तख्ताचा अपमान. महाराजांनी मायेच्या भरात एकीऐवजी पाच गाठी मारिल्या. ते पाहोन चिमाबाईंस घोर लागला. कमर आवळली ती घडी सुटावी कैसी? परंतु भर दरबारात तख्तास हे सांगावे कोणी? बाई मूग गिळोन बसल्या, आणि चुकल्या त्या तेथेच, हे त्यांनी मागाहोन स्वमुखे सांगितले. मग सांगात्यांनी रायाजीरावांची घडी कमरेपावेतो मोडली, मुंडासे दरवाजास लागले, आतोन ओढ बसली, डोके गेले, खांदे गेले, छाती गेली, आणि कमरेशी घोडे अडले. सांगात्यांनी लोटोन पाहिले, घामाघूम जाहले, रायाजीराव तसूभर हालेनात. पाय तेवढे बाहेर हवेत. लोक तोंडास पदर लावोन हसू लागले, आणि शास्त्रीबोवा उठोन म्हणाले की पुरता उपजलेला माणूस शिरत नाही हे आज सूर्यप्रकाशाइतके स्वच्छ जाहले. पेठेच्या सुइणी एका अंगास उभ्या होत्या, त्यांच्या तोंडचे पाणी पळाले.

चिमाबाई मात्र दरवाजापाशी जाऊन पायांकडे बघत राहिल्या. मग वाकोन त्यांनी पुसिले की रायाजीराव, डोक्यास मुंडासे आहे काय. आतोन दबका आवाज आला की नाही, कोण्या कातरवाल्याने आताच कापोन घेतले, आणि येथे ऊब मोठी आहे, भट्टी समोरच दिसते. बाईंनी मनाशी हिशेब मांडिला. भट्टी म्हणजे दुसऱ्या तटाच्या आत. डोके दुसऱ्या तटाच्या आत आणि पाय पहिल्याच्या बाहेर, तेव्हा दोन्ही दरवाजे एकाच वेळी, एकासमोर एक उघडे असतात! अकरा वर्षांत हे त्यांस दिसले नव्हते, कारण आजवर मध्येच अडकोन राहिला ऐसा कोणी भेटलाच नव्हता. मग त्या तख्तासमोर आल्या, मुजरा केला आणि बोलल्या, "महाराज, माणूस अडकला नाही. आपली गाठ अडकली आहे. ती सोडावी."

महाराजांचा चेहरा लाल जाहला, मग गोरामोरा जाहला. मग ते तख्तावरोन उतरले, रायाजीरावांच्या पायांशी बसले, आणि स्वहस्ते गाठी सोडू लागले. चार सुटल्या. पाचवी सुटेना, ती महाराजांनी दातांनी सोडिली. शेला गळोन पडला आणि रायाजीराव सर्रकन आत गेले, अंगठादेखील दिसेना.

चिमाबाईंच्या जबानीची परीक्षा आता होती, आणि त्या तटास कान लावोन उभ्या राहिल्या. इतक्यात आतोन रायाजीरावांचा खणखणीत आवाज आला, "बाई, घडी बसली. कामास लागतो." बाईंस रडू आले आणि हसूही आले. सुइणींनी तेथेच फुगडीचा फेर धरिला, महाराजांनी पेठ कायम केली आणि शोधनिशी वंशपरंपरा दिली.

राहिले गंगाधरशास्त्री. ते उठोन भर दरबारी म्हणाले, "बाई, आमचे चुकले." हे शब्द त्या दरबारात कोणी पंडित प्रथमच बोलला. चिमाबाईंनी त्यांस नमस्कार केला.

तात्पर्य, पेठ राहिली, भट्टी पेटती राहिली, उंबऱ्याचा वाद मिटला. दुसरे दिवशी सकाळी शास्त्रीबोवा चिमाबाईंच्या दारी आले आणि पुसते जाहले की दोन्ही दरवाजे एकाच वेळी उघडावे, हे आतल्यास सांगतो कोण? बाई म्हणाल्या, ठाऊक नाही. मग दोघे टिपणवह्या घेऊन किल्ल्याकडे निघाले. लेखनसीमा.