होडीवरचा मुकुट

मी चहा सोडला, तो एका होडीपायी.

आमचे हे अंबरनाथच्या कारखान्यात ड्राफ्ट्समन. कागदावर यांचं सगळं बरोबर असतं. (बदलापूरच्या आमच्या घराचं दार यांनीच बसवलंय. ते अजून लागत नाही.) एका रविवारी हे उल्हासनगरला जुना माल विकणाऱ्या चंदरकडे कपाट बघायला गेले आणि बैलगाडीत होडी घालून परतले. लढाईनंतर तिथल्या लष्करी कॅम्पातले गोरे सोडून गेलेली, निमुळती, लाकडी. बसायच्या दोन फळ्यांपैकी एक गायब.

"चंदर म्हणाला, साईं, असली विलायती माल है. आता बनवणाऱ्याचं नाव तेवढं शोधायचं," हे म्हणाले.

नाव सापडायच्या आधीच यांनी हापिसात मोठ्या साहेबांना नदीवर बोलावलं. येत्या रविवारी होडीचा सगळा इतिहास सांगतो म्हणाले. यांची फजिती व्हायला नको, म्हणून मी देवाला बोलले: नाव कळेपर्यंत चहा घेणार नाही. यांनी एकदा तरी माझ्याशेजारी देवापुढे बसावं, ही माझी जुनी इच्छा. म्हटलं, देवाने एवढं केलं तर बसतील.

चौथ्या दिवशी माझं डोकं ठणकत असताना अंगणातून हाक आली. रंग खरवडताना होडीच्या टोकाशी तांब्याची चकती लागली होती. मध्ये खिळा, वर अर्धा मुकुट.

"राजघराण्याला होड्या पुरवणारी कंपनी दिसते," हे मुकुटावर बोट ठेवून म्हणाले.

मी पदराने चकती पुसली. "अहो, हा इंग्रजांच्या वेळचा भोकाचा पैसा. आपल्या देव्हाऱ्याच्या पाटालाही असाच ठोकलाय. रोज कुंकू लावते मी त्याला."

"देव्हारा कुणी केला?"

"कुळगावच्या हिंदुराव मिस्त्रींनी."

आम्ही अक्षरशः धावत गेलो. (मी यांची चप्पल घालून.) आमचा देव्हारा देवळाच्या जुन्या दाराचा आहे, हे मी वाटेतसुद्धा यांना ऐकवलं. कुणाला विचारलं नव्हतं, पण हात फिरवला की मला लाकूड कळतं.

"होडी माझीच," मिस्त्री म्हणाले. "पहिल्या खिळ्याला पैसा, ही आमच्या बापाची रीत."

नाव कळलं. मिस्त्रीणबाईंनी दिलेला चहा मी डोळे मिटून तोंडाला लावला.

"आणि ती गायब फळी?" यांनी विचारलं.

"गोरा साहेब लई दांडगा. मागल्या फळीवर बसला की होडी कलंडायची. चारदा नदीत पडला, तवा फळी उपटून माझ्या अंगावर टाकली. पण सागवान होतं, जीव होईना फेकायचा. वयनींच्या देव्हाऱ्याचा पाट केला."

मी कप खाली ठेवला. चार वर्षं माझे देव कुणाच्या जागेवर बसलेत, हे मी आळीत अजून सांगितलेलं नाही.

रविवारी साहेबांनी इतिहास खूश होऊन ऐकला. "छान. दुसरी फळी बसवा, मग मी येतो बसायला," म्हणाले.

तेव्हापासून हे रोज सकाळी आंघोळ करून माझ्याशेजारी देव्हाऱ्यापुढे बसतात. शेजारच्या माई म्हणतात, व्रताचा गुण आला हो तुमच्या.

मी मान डोलावते. यांच्या हातातली मोजपट्टी माईंना दारातून दिसत नाही.