बंदुकीवरचा आळ

स्टेशनमास्तर निवृत्त झाले आणि विसरायला लागले. आधी चष्मा, मग किल्ल्या, मग गॅसवरचं दूध. नळ उघडा टाकून ते फिरायला गेले आणि खालच्यांच्या छतातून धार लागली, तेव्हा बायकोने निकाल दिला.

"आता आणखी एक गोष्ट विसरलात ना, तर ती बंदूक घरात राहणार नाही. दूध उतू गेलं तर पुसता येतं."

बंदुकीवर मास्तरांचा जीव होता. साधी बोल्टची बंदूक. प्रत्येक गोळीनंतर हाताने दांडी वर, मागे, पुढे, खाली करायची. मेहुण्याची स्वयंचलित बंदूक दर हंगामात अडकायची आणि दर वेळी मास्तर म्हणायचे, "यंत्रात सांधे कमी, तर कटकटी कमी." मेहुणा हे ऐकून घ्यायचा. बहीण दिली म्हटल्यावर करतो काय!

रविवारी दोघे मक्याच्या शेताकडेला दबा धरून बसले. रानडुक्कर आलं आणि मास्तरांच्या पुढ्यातच उभं राहिलं. मास्तरांनी नेम धरून चाप ओढला. चाप हलेना. दांडी उचलून पाहिली, तीही हलेना. डुकराने जरा वाट पाहिली आणि ते मक्यात निघून गेलं. मग मास्तरांची नजर मागच्या खटक्यावर गेली. सेफ्टी लावलेलीच होती. सेफ्टी लावली की चापही बंद आणि बोल्टही बंद. बंदूक आपलं काम चोख करत होती.

"काय झालं, भावोजी?" मेहुणा ओरडला.

"बोल्ट अडकला," मास्तर बोलून गेले.

मेहुण्याला हसू आवरेना. मास्तरांनी काडतुसं काढून बंदूक गुंडाळली आणि त्याला हात लावू दिला नाही. पण घरी पोचेपर्यंत बातमी फोनवरून पुढे गेली होती.

"अडकणारी बंदूक?" बायको दारातच म्हणाली. "उद्या तोंडावर फुटली म्हणजे? दाखवून आणू. मी येते बरोबर."

खरं सांगावं तर बंदूक जाणार, खोटं रेटावं तर तिची अब्रू जाणार. इकडे आड, तिकडे विहीर. मास्तरांनी बंदूक उचलली.

बंदूक दुरुस्त करणाऱ्याने बोल्ट काढला, घातला, तेल पुसलं, पुन्हा चालवला. लोण्यातून सुरी फिरावी तसा तो फिरत होता.

"अडकत नाहीये, काका."

"कधीकधी अडकतो," मास्तर पुटपुटले.

"कधीकधी अडकणारा सगळ्यात वाईट!" कारागीर पेटला. दुकानाच्या इभ्रतीचा प्रश्न होता. त्याने बोल्ट शेगड्याच्या जबड्यात आवळला आणि कानस उचलली. "इथून जरासा घासतो. सैल झाला की कटकटच मिटली."

"थांबा!" मास्तर इतक्या जोरात ओरडले की कानस खाली पडली. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "तिचा काही दोष नाही हो! सेफ्टी मीच लावली होती. मीच विसरलो. ती आजवर एकदाही चुकलेली नाही."

कारागिराने बोल्ट सोडवून परत बंदुकीत बसवला. मास्तरांना मात्र फार हलकं वाटलं. बायको त्यांच्याकडेच पाहत होती. ती चिडली नव्हती, आणि त्याचीच मास्तरांना जास्त भीती वाटली.

"म्हणजे बंदूक चांगली आहे?"

"चांगली? अगं, शंभर वर्षं बघायला नको!"

"तिला मोडीत काढायचं माझ्या जिवावर आलं असतं," ती म्हणाली. "चांगली आहे ना, मग दादाकडे जाऊ दे. कागदपत्रांचं तो बघेल. त्याची मेली रोज अडकते."

मास्तरांनी बंदूक कापडात गुंडाळली. गाठ नीट बसेना, म्हणून पुन्हा सोडून बांधली.

"द्यायच्या आधी तेल घालून देतो," ते म्हणाले.

"घाला," बायको हळूच म्हणाली, "आठवणीने."