सहा फूट दोन इंच

आर्डिस टोलेफसनच्या घरातल्या विजेच्या पेटीने एक्कावन्न वर्षांत कोणालाही इजा केली नव्हती. विमा कंपनीला नेमका याचाच संशय आला. इतक्या जुन्या पेटीबद्दल एकही तक्रार नोंदलेली नाही, ही बाब चिंताजनक आहे, असं कंपनीने पत्रात कळवलं; सबब तीस दिवसांत पेटी बदलून नगरपालिकेचं प्रमाणपत्र सादर करावं, अन्यथा घराचा विमा संपुष्टात आला असं समजावं.

आर्डिस एकाहत्तरची. विस्कॉन्सिनमधल्या लहानशा गावात शाळेचं स्वयंपाकघर तीस वर्षं सांभाळून निवृत्त झालेली. नवरा गेल्यावर तिच्यापाशी उरलं ते हे घर, आणि तळघरातल्या फ्रीझरमध्ये भावाने शिकार करून आणलेलं हिवाळाभर पुरेल एवढं हरणाचं मांस. विमा नसलेल्या घरात राहायचं म्हणजे हिवाळ्यात अनवाणी हिंडण्यासारखं, असं तिचं मत. तिने वायरमन कर्ट वेन्झेलला बोलावलं. शाळेत असताना कर्ट तिच्या हातची मॅकरोनी तीनतीनदा वाढून घ्यायचा, त्यामुळे तो लगेच आला.

पेटी होती कोटांच्या कपाटात, नवऱ्याच्या लोकरी कोटांमागे.

“नवी पेटी इथे बसवता येणार नाही, बाई. कपड्यांच्या कपाटात चालत नाही.”

“एक्कावन्न वर्षं चालली की.”

“जुनी आहे म्हणून चालली. जुन्याला हात लावला नाही तोवर ते कायदेशीर. हात लावलात की आजचे नियम.”

“म्हणजे मी काहीच केलं नसतं तर कायद्यात होते?”

“अगदी चोख.”

“आणि विम्यात?”

“विम्यात राहिला नसतात.”

पेटी दाराच्या पलीकडच्या भिंतीवर नेणं भाग होतं. कर्टने जुन्या तारा वाढवल्या, दाराच्या चौकटीवरून वळवून नव्या पेटीत आणल्या आणि नगरपालिकेच्या तपासनिसांना कळवलं. तपासनीस हॅस्केल मंगळवारी आणि गुरुवारी सकाळी उपलब्ध असत. बाकीचे दिवस गाव आपल्या जबाबदारीवर राही.

हॅस्केलनी टेप काढली. नियम असा होता : पेटी बदलताना जुन्या तारा सहा फुटांपर्यंत वाढवल्या तर साधे ब्रेकर चालतात. त्याहून वाढल्या तर त्या तारेला आर्क फॉल्ट ब्रेकर हवा, म्हणजे तारेत ठिणगी उडताच आग लागण्याआधी वीज तोडणारा. हॅस्केलनी तारेच्या वळणावळणाने मोजलं. सहा फूट दोन इंच.

“सरळ मोजलंत तर चार फूटच आहे,” आर्डिस म्हणाली.

“तार सरळ गेलेली नाही, टोलेफसनबाई.”

“मध्ये दार आहे हो.”

“दार अपवादात मोडत नाही.”

दार काढून टाकलं तर, असं तिने विचारलं. हॅस्केल म्हणाले, काढता येईल, पण तो बांधकामातला बदल. त्याचा परवाना वेगळा, आणि तो देणारा साहेब फक्त शुक्रवारी असतो.

चौदा तारांना चौदा आर्क फॉल्ट ब्रेकर बसले. त्यांनी पहिल्याच दिवशी कर्तव्यदक्षता दाखवली. व्हॅक्यूम क्लीनर सुरू केला, दिवाणखाना बंद. शिवणयंत्राला पाय लावला, झोपायची खोली बंद. तळघरातला फ्रीझर दर वेळी मोटर सुरू होताना स्वतःचीच वीज घालवू लागला. कर्टने समजावलं की मोटरमध्ये बारीक ठिणग्या उडतच असतात, निरुपद्रवी असतात. पण ब्रेकर बिचारा, त्याला चांगली ठिणगी आणि वाईट ठिणगी कधीकधी सारखीच दिसते.

“मग माणूस आणि यात फरक काय?” आर्डिसने विचारलं.

“माणसाला समजावता येतं, बाई.”

पंधरा पौंड मांस वितळलं. ते तिने शिजवून चर्चमध्ये वाटलं आणि लोकांनी तिच्या औदार्याची वाखाणणी केली.

अंतिम तपासणीच्या मंगळवारी हॅस्केल पेटीसमोर उभे असतानाच फ्रीझरने घात केला. खट्. हॅस्केलनी नोंद केली : ब्रेकर कार्यक्षम, मात्र चालू स्थितीत नाही, दोन्ही बाबी एकाच वेळी आवश्यक. पुढची तारीख गुरुवार. तो एकोणतिसावा दिवस होता. त्यानंतरचा मंगळवार विम्याच्या पलीकडे पडत होता.

आर्डिस शेजारच्या मायलो ब्रुसेककडे गेली. मायलो ऐंशीचा. त्याच्या घरात काचेच्या फ्यूजची, त्याच्या वडिलांनी बसवलेली पेटी होती. तिला कोणीही कधी हात लावला नव्हता, म्हणून ती पूर्ण कायदेशीर होती. मायलोचा विमाच नव्हता, म्हणून त्याला पत्रंही येत नसत.

“अगं, माझ्याकडून घे की वीज,” तो म्हणाला. “मी घरात काही सुधारतच नाही, त्यामुळे सगळं चालतं.”

बुधवारी मायलोच्या खिडकीतून एक नारिंगी तार निघाली, हिरवळीवरून आर्डिसच्या तळघरात उतरली आणि फ्रीझरला लागली. बाकीच्या सगळ्या वस्तूंचे प्लग तिने काढून ठेवले.

गुरुवारी चौदाच्या चौदा ब्रेकर चालू होते. घरात काहीच चालत नसल्यामुळे बंद पडायलाही काही नव्हतं. हॅस्केलनी नारिंगी तार पाहिली.

“ही माझ्या पेटीतून निघालेली नाही,” ते म्हणाले, आणि सही केली.

विमा कंपनीने अभिनंदनाचं पत्र पाठवलं. प्रमाणपत्र आर्डिसने चौकटीत बसवून दारावर लावलं, नेमकं त्या दोन इंचांखाली.

उन्हाळ्यापर्यंत त्या गल्लीत आणखी पाच घरांना कंपनीची पत्रं आली आणि पाचही घरं प्रमाणित झाली. मायलोच्या खिडकीतून आता सहा नारिंगी तारा निघत होत्या. त्याची पेटी इतकी उबदार राही की तो तिच्यावर हातमोजे वाळत घाले.

एका दुपारी तो आर्डिसच्या दारात आला.

“एक सेंट आहे का गं तुझ्याकडे? जुना, तांब्याचा. हल्लीच्या नाण्यांत दम नाही.”

“कशाला?”

“फ्यूज उडतोय सारखा. मागे नाणं सरकवलं की उडत नाही. वडील तेच करायचे.”

तीस वर्षं शाळेचं स्वयंपाकघर सांभाळलेल्या बाईला, फ्यूज कशासाठी उडतो हे ठाऊक होतं. तिने दारावरच्या प्रमाणपत्राकडे पाहिलं. तळघरात फ्रीझर थांबला होता. मग तिने पाकीट उघडलं आणि एकोणीसशे एकसष्टचं एक नाणं शोधून त्याच्या तळहातावर ठेवलं. थोड्या वेळाने फ्रीझर घुरघुरू लागला.

तुम्ही मान हलवत असाल, तर वाचणं थांबवून एवढं करा : ज्या दिव्याखाली वाचताय त्याची तार कुठून कुठे जाते, ते उठून पाहून या. सॉकेट काळवंडलंय का, तेही बघा.

नाही ना उठलात? असू द्या. आर्डिसही बसूनच आहे.