कुलूपवाल्याची धाकटी

दारावर नवं कुलूप बसवून झालं, तेव्हा बाबा दोन पावलं मागे सरून त्याच्याकडे असे बघत होते, जणू ते त्यांचं तिसरं अपत्य. पहिलं अपत्य थोरली. ती धावायची आणि तिची पदकं बैठकीच्या भिंतीवर मिरवायची. दुसरी धाकटी. ती शर्यतीत शेवटून पहिली यायची, चेंडू झेलताना डोळे मिटायची, आणि खेळाच्या तासाला बाई तिला सगळ्यांच्या पिशव्या राखायला बसवायच्या. खेळ हा थोरलीचा प्रांत, हे तिने केव्हाच मान्य करून टाकलं होतं. वाईट वाटायचंच, पण सांगणार कोणाला?

त्या संध्याकाळी एका मोठ्या इमारतीचे सेक्रेटरी कुलूप बघायला घरी आले होते. त्यांच्या मनास आलं, तर इमारतीतल्या झाडून सगळ्या दारांचं काम बाबांना मिळणार होतं.

"दार नुसतं ओढलं की लागतं," बाबा म्हणाले. "चला, सगळे बाहेर या. दाखवतो."

आई हात पुसत बाहेर आली, मागून धाकटी आली. थोरली मैदानावर सरावाला गेली होती. बाबांनी ऐटीत दार ओढलं.

"आता किल्लीशिवाय कोणाच्या बापाला उघडता येणार नाही."

"मग द्या की किल्ली. मी उघडून बघतो," सेक्रेटरी म्हणाले.

बाबांनी डावा खिसा चाचपला, उजवा चाचपला, मग उगाचच पुन्हा डावा. सगळ्या किल्ल्या एकाच कडीत होत्या आणि कडी आत टेबलावर होती. हत्यारांची पेटीही तिच्याच शेजारी.

"तुझ्याकडे केसांची पिन आहे का गं?" त्यांनी आईला हळूच विचारलं.

पहिली पिन वाकली, दुसरी मोडली. सेक्रेटरी मात्र खूश होत चालले. "भक्कम आहे हो. मालकालासुद्धा दाद देत नाही."

"हेच तर दाखवायचं होतं," बाबा घाम पुसत म्हणाले.

"दाखवून झालं असेल तर उघडा," आई म्हणाली. "गॅसवर दूध ठेवलंय. नाहीतर पलीकडच्या गल्लीतल्या कुलूपवाल्याला बोलवा."

"त्याच्यापेक्षा घर जळालेलं परवडलं."

तेवढ्यात दाराच्या फटीतून करपल्याचा वास आला आणि धाकटी जिना उतरून खाली पळाली. घर पहिल्या मजल्यावर होतं. इमारतीची ही भिंत ती येता-जाता बघायची, हात कुठे मावेल, पाय कुठे टेकेल, हे मनात जुळवायची. ही आपली एक वाईट खोड आहे, असंच तिला वाटत आलं होतं. आज तिने मीटरच्या पेटीशेजारच्या कट्ट्यावर पाय दिला, पाइपाची पट्टी धरली आणि वर निघाली. खिडकीच्या अरुंद कडेवर ती अडकली. क्षणभर थांबून तिने पाय बदलला, हात लांबवला आणि गॅलरीचा कठडा धरला. आत जाऊन गॅस बंद केला आणि दार आतून उघडलं.

बाबा तिच्याकडे बघतच राहिले. सेक्रेटरींचा चेहरा पडला.

"एवढी पोरगी आत शिरते, तर कुलूप कशाला हवंय? मी आधी खिडक्यांना जाळ्या बसवून घेतो," असं म्हणून ते निघून गेले.

त्यांच्या पाठोपाठ तळमजल्यावरच्या बाई वर आल्या. क्रीडा संकुलात त्या भिंत चढायला शिकवायच्या. कामावरून परतताना त्यांनी सगळं पाहिलं होतं.

"दोरी न बांधता पुन्हा चढलीस तर याद राख," त्या आधी रागावल्या. मग म्हणाल्या, "खिडकीपाशी पाय का बदललास?"

"उजव्यावर भार दिला असता तर पुढे हात पोचला नसता."

"कोणी शिकवलं हे?"

"कोणी नाही. दिसतंच की ते."

"सगळ्यांना नाही दिसत, बाळा," बाई म्हणाल्या. "मला दिसायला फार वर्षं लागली."

धाकटीला एकदम रडू आलं. आपल्याला काहीतरी येतं, हे तिला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

संकुलातल्या भिंतीने सुरुवातीला तिला धडाधड खाली पाडलं. बोटं सोलवटली, दंड भरून आले. पण शर्यतीनंतर तोंड लपवणारी ही मुलगी पडली की दोरीला लोंबकळतच पुढचा पाय कुठे ठेवायचा ते शोधायची. पहाटे बाबांच्या आधी उठून ती बूट घालून तयार असायची. पुढे एका स्पर्धेत तिने भिंतीचा माथा गाठला, तेव्हा सगळ्यात मोठ्याने थोरली ओरडली.

बाबांच्या धंद्याचं मात्र कठीण झालं. गिऱ्हाईक दुकानात कुलूप हातात घेतं न घेतं, तोच ते सुरू करायचे, "कुलूप एक नंबर आहे, पण आमच्या धाकटीने त्याला हात न लावता घर उघडलं बरं का." गिऱ्हाईक कुलूप खाली ठेवायचं.

"अहो, धंदा करताय की बुडवताय?" आई विचारायची.

परवा एका गिऱ्हाइकाने सगळं ऐकून काळजीने विचारलं, "म्हणजे चोरही तसाच चढून येईल की."

बाबांना ते फार लागलं.

"चोराची काय बिशाद?" ते म्हणाले. "त्याला रोज पहाटे उठून सराव करावा लागेल."