तेरा नंबरचा तुकडा

वासुदेवभाऊ डोळे मिटून पाठमोरे उभे राहायचे आणि खांद्यावरून एक लाकडी चौकट मागच्या गव्हात फेकायचे. ती पडेल तेवढ्या जागेतलं तण बसून मोजायचे. एकदा ती माझ्या कपाळात बसली, तर मलाच ओरडले, "सरका जी, फेक बाद झाली!"

"डोळे उघडून फेका की," मी कपाळ चोळत म्हणालो.

"नजर बेइमान असते जी. तिले जे पाहिजे, तेच ते पाह्यते."

कापसानं जिल्ह्याचा जीव मेटाकुटीला आणला होता, त्या वर्षांतली ही गोष्ट. लोक गव्हाकडे वळू लागले होते आणि घाटंजीजवळच्या आमच्या प्रयोगशेतावर गव्हासाठी एक नवं तणनाशक तपासायला आलं होतं. मी तिथला कारकून, भाऊ शेतावरचे सहायक. प्रयोग नीट पार पडला तर त्यांची कधीची अडलेली बढती मिळणार होती.

बारा तुकडे आखले, प्रत्येकावर पाटी लावली. काहींत फवारणी, काहींत निंदण आणि तीन तसेच सोडलेले, तुलनेला. या तीन तुकड्यांतलं तण भाऊंनी पोटच्या पोरासारखं जपलं. शेळी बांधावर आली तरी धावायचे. साहेबांनी बोलता बोलता एक काडी उपटली, तर वहीत नोंद केली: "साहेबांनी उपटलं, एक."

फवारणीच्या दुसऱ्या दिवशी बाया निंदायला आल्या. निंदता निंदता चाकवत खुडून ओटीत भरायचा, हा त्यांचा जुना रिवाज. गव्हात तो तण, घरी नेला की भाजी. फवारलेला चाकवतही अजून टवटवीत होता. औषधाचा असर दिसायला आठवडा लागतो. गिरजाबाईची ओटी त्यानंच भरलेली पाहून भाऊंचा चेहरा उतरला.

"टाक वो माय ते! त्यात दवाई हाये."

"हिरवागार तं हाये भाऊ. घरी लेकरं भाजीची वाट पाहून राह्यले."

 भाऊंनी तिची ओटी रिकामी करवली, हात धुवायला लावले आणि साऱ्या बायांना घेऊन ते थेट आपल्या जपलेल्या तुकड्यांत शिरले. "इथून न्या. पाहिजे तेवढा न्या."

मी थक्क. "अहो, तुलनेचं काय?"

"नुसतं नाही म्हटलं तं उद्या चोरून नेतीन. चोरताना कोणी पाटी वाचते काय?"

संध्याकाळपर्यंत तिन्ही तुकड्यांतला चाकवत साफ झाला. अहवालात भाऊंनी स्वतःच लिहिलं: "तुलनेचं तण भाजीला दिलं. चूक माझी."

"चार जुड्या भाजीपायी सालभराचा प्रयोग घालवला!" साहेब कडाडले.

"साल पुन्हा येते साहेब," भाऊ म्हणाले. बढती मात्र आली नाही. मला त्यांचा राग आला आणि अभिमानही वाटला.

पुढच्या हंगामात तुकड्यांची यादी टाइप करताना पाहिलं, तर बारा तुकड्यांनंतर विहिरीजवळ तेरावा.

"यात काय?"

"चाकवत. पेरला."

मी साहेबांना न विचारता तसाच टाइप केला.

त्या वर्षी फवारणी झाल्यावर भाऊंनी बायांना तिथं नेलं. बाया खुडू लागल्या तसे ते पाठमोरे झाले आणि डोळे मिटून उभे राहिले. हातात चौकट नव्हती. कोणी किती नेलं, ते त्यांनी मोजलंच नाही.