लोकल लिहायचं राहिलं

वेंकोबामामांनी फोनवरून निमंत्रणं द्यायला घेतली की प्रत्येक घरी आधी गुडघेदुखीची चौकशी होई, मग नातवंडांची, मग पावसाची. मेळाव्याचं सांगायचं तेवढं राहून जाई. चेन्नईतल्या तंजावर मराठी मंडळींच्या छोट्याशा संघाचे ते अध्यक्ष होते आणि दरसाल मेळावा झाल्यावर कुणी ना कुणी रुसून बसे. यंदा त्यांनी ते काम भाचीवर सोपवलं.

भाची म्हणजे श्रीरंजनी. शोळिंगनल्लूरच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत ती सर्व्हर सांभाळायची. हे काम तिला हातचा मळ वाटलं. रविवारी सकाळी मामांच्याच घरी, तुळसीमामींनी दिलेली कॉफी बाजूला ठेवून, ती शेल स्क्रिप्ट, म्हणजे संगणकाला द्यायच्या हुकमांची यादी, लिहायला बसली.

तिने दोन फंक्शनं लिहिली. फंक्शन म्हणजे एकदा नीट लिहून ठेवलेली कृती. नाव घेऊन हाक मारली की ती आपलं काम करते. पहिलं होतं ‘निमंत्रण’. त्याला माणसाचं नाव आणि नंबर दिला की ते मोबाइलवर संदेश धाडी: ‘आपण मेळाव्याला अमुक म्हणून यावं.’ त्या ‘अमुक’च्या जागी ‘पदवी’ या नावाने जे साठवलेलं असेल ते जाऊन बसे. सुरुवातीलाच श्रीरंजनीने तिथे ‘सभासद’ घालून ठेवलं. दुसरं फंक्शन ‘पाहुणे’. ते पदवी बदलून ‘प्रमुख पाहुणे’ करी आणि पहिल्याला हाक मारी.

आधी चाचणी म्हणून तिने मामांना संदेश पाठवला. मराठी मजकूर तमिळ अक्षरांत, कारण संघातल्या निम्म्या लोकांना देवनागरी वाचायची सवय राहिली नव्हती. ‘श्री. वेंकोबा, आपण मेळाव्याला सभासद म्हणून यावं.’ मामा खूश झाले. मग दुसऱ्या फंक्शनने अनंतकृष्णांना संदेश गेला. हे एन्नोरच्या वीज केंद्रातून निवृत्त झालेले मोठे इंजिनियर. बरीच वर्षं विनवण्या केल्यावर कुठे यंदा त्यांनी प्रमुख पाहुणे व्हायला होकार दिला होता. त्यांच्यामागून उरलेल्या सगळ्यांना पहिल्या फंक्शनने संदेश गेले. कॉफी गार व्हायच्या आत काम संपलं.

त्या आठवड्यात मामांना संघाची मंडळी ओळखू येईनात. राजसबाई मागे कधीतरी खांबाआडची खुर्ची मिळाली म्हणून रुसल्या होत्या, त्यानंतर त्यांनी मेळाव्याचं तोंड पाहिलं नव्हतं. त्यांनी स्वतः फोन करून, संघाला उशिरा का होईना माणसांची पारख झाली, असं गोड आवाजात सांगितलं. गुम्मिडिपूंडीच्या कारखान्यात शिफ्ट करणारा विजयेंद्र रजा काढून येणार होता आणि वेष्टी नेसू की सूट घालू असं विचारत होता. मामांनी मोठ्या मनाने त्याला वेष्टी सुचवली. कुणीच स्वतःहून मोठेपणा सांगायला तयार नव्हतं. न सांगणं हीच थोरांची रीत, असं प्रत्येकाला वाटत होतं.

तुळसीमामीही बदलल्या होत्या. दरवर्षी मेळाव्याचा स्वयंपाक त्यांच्या हातचा असे. यंदा त्यांनी शांतपणे सांगितलं की बाहेरचा स्वयंपाकी बघा, मला जमणार नाही. मामांना वाटलं, कंबर दुखत असेल. मामी मात्र बंद दाराआड आरशासमोर काहीतरी पुटपुटत असायच्या.

मेळाव्याच्या सकाळी मैलापूरचा तो लहानसा हॉल दहाच्या आतच भरला. इतकी गर्दी मामांनी आयुष्यात पाहिली नव्हती. राजसबाई थेट मंचावर जाऊन मधल्या खुर्चीत बसल्या. विजयेंद्र त्यांच्या शेजारी बसला. मागोमाग आणखी माणसं चढायला लागली. जी ती व्यक्ती दुसरीकडे, ही इथे कशाला आली, अशा नजरेने बघत होती. शेवटी विजयेंद्रने श्रीरंजनीपुढे फोन धरला आणि हळूच विचारलं, “अक्का, प्रमुख पाहुणे मीच ना?”

तिने संदेश वाचला आणि आपलं काय चुकलं ते तिच्या ध्यानात आलं. फंक्शनमध्ये बदललेलं मूल्य फंक्शनपुरतंच राहावं म्हणून त्याच्याआधी ‘लोकल’ असा एक शब्द लिहावा लागतो. तो तिने लिहिला नव्हता. अनंतकृष्णांसाठी बदललेली पदवी त्यांच्यापाशी थांबलीच नाही. पुढच्या प्रत्येक नावाला चिकटत गेली.

तिने मामांना कोपऱ्यात घेऊन सगळं सांगितलं. मामांना बाकी काही कळलं नाही, चूक झाली एवढं कळलं.

“सरी, ठीक आहे,” ते म्हणाले. “आता माइकवर सांगून टाकतो. माफी मागतो. दुसरं काय करणार?”

त्यांनी माइक हातात घेतला, घसा खाकरला, आणि तेवढ्यात दारातून तुळसीमामी आत आल्या. मोरपंखी कांजीवरम, केसांत मल्लीचा गजरा, हातात घडी केलेला कागद. मंचाकडे येता येता त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. ‘मला आधी सांगायचं तरी,’ असं काहीसं त्या नजरेत होतं. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षात मामांनी तशी नजर पाहिली होती, नंतर नाही. त्यांच्या तोंडचं वाक्य तोंडातच राहिलं.

“मंडळी,” ते म्हणाले, “यंदा संघातला प्रत्येक जण प्रमुख पाहुणा आहे. असं आम्ही ठरवूनच केलं.”

सगळ्यांचे डोळे मंचाच्या टोकाला बसलेल्या अनंतकृष्णांकडे वळले. ते उठले, आपली खुर्ची उचलून मंचाखाली सगळ्यांमध्ये नेऊन ठेवली आणि म्हणाले, “फार बरं झालं. मला भाषण करायचा भारी कंटाळा. नाही म्हणायची लाज वाटली म्हणून आलो.”

मग जो तो दोन दोन शब्द बोलला. राजसबाईंनी त्या खांबाची गोष्ट सांगितली आणि सांगताना स्वतःच हसल्या. विजयेंद्र निम्मं तमिळमध्ये बोलला, तरी टाळ्या पूर्ण मिळाल्या. तुळसीमामींनी कागद उघडला, पाहिला आणि पुन्हा मिटला.

“इतकी वर्षं मी आत चुलीपाशी असायची,” त्या म्हणाल्या, “म्हणून इथली भाषणं कधी ऐकावी लागली नाहीत. आज कळलं, आत होते तेच बरं होतं.”

हॉल हसण्याने दणाणला. मामा तर इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला. जेवणं लांबली, गप्पा त्याहून लांबल्या. हॉलच्या माणसाने दिवे घालवायला घेतले तेव्हा मंडळी नाइलाजाने उठली.

पुढच्या रविवारी श्रीरंजनी मामांकडे गेली. तिने स्क्रिप्ट उघडून ‘लोकल’ हा शब्द कुठे घातला ते दाखवलं; आता प्रमुख पाहुणे एकच होतील अशी खात्री दिली. मामांनी खूप वेळ स्क्रीनकडे पाहिलं.

“हा शब्द काढला तर पुन्हा तसंच होईल?”

“होईल. पण मामा, ती चूक आहे.”

“असू दे. काढ तो.” स्वयंपाकघरात मामी काहीतरी गुणगुणत होत्या. मामांनी तिकडे एकदा बघून घेतलं आणि आवाज अगदी खाली आणला. “आणि हे बघ मा, पुढच्या साली ती चाचणी माझ्यावर नको करू. माझं नाव अनंतकृष्णांच्या नंतर घे.”